काचेतून आलेलं ऊन

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ तापाचे दिवस, लागला की आमच्या आंजीत माणसं कमी बोलतात. तोंड उघडलं की गरम हवा आत जाते, त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं. डांबर मऊ पडतं, कुत्री रांजणाखालच्या ओलीत पोट टेकून पडतात, आणि वर्ध्याहून येणारी दुपारची एसटी सोडली तर रस्त्यावर काही हलत नाही. यंदाही नवतपा लागला आहे. मी समोरच्या खोलीत खाटेवर पडले आहे. खिडकीला काच आहे आणि काचेच्या बाहेरून पऱ्हाटीचा तट्टा सोडलेला आहे. कापूस वेचून झाल्यावर वावरात जी वाळकी झाडं उरतात ती पऱ्हाटी. तिच्या काड्या विणून हा तट्टा केला आहे. त्याच्या फटींतून उजेडाचे ठिपके फरशीवर पडतात आणि दुपारभर सरकत राहतात. मी त्यांच्याकडे पाहत पडते. या वयात दुसरं काम नाही.

माझं शिक्षण चौथी. सूर्य पूर्वेला उगवतो एवढं शाळेत शिकवलं होतं. तो घरात कसा शिरतो हे मला फार नंतर कळलं, ऐंशी सालाच्या पुढच्या एका उन्हाळ्यात. तेव्हापासून काच ही साधी वस्तू आहे असं मला कधी वाटलेलं नाही.

त्या वर्षी कापूस बरा झाला होता. जुनं घर मातीचं, भिंती हातभर जाड, वर कवेलूचं छप्पर. दिवसा दिवा लावावा इतका आत अंधार, पण वैशाखातही भिंतीला पाठ टेकली की गार लागायचं. आमच्या मालकांनी त्या घराला लागून रस्त्याच्या बाजूला विटांची एक खोली काढली. खिडकी म्हणजे लोखंडी गज आणि लाकडाच्या फळ्या, हेच आम्ही पाहिलेलं. पण सिंदीला एका कापडवाल्याने जुनं दुकान पाडलं होतं आणि त्याच्या दर्शनी भागाची मोठी काच निघाली होती. ती मालकांनी आणायची ठरवली. बैलबंडीत कापूस पसरला, त्यात काच निजवली, वरून पुन्हा कापूस टाकला. बंडी खड्ड्यात आदळू नये म्हणून मालक स्वतः बैलांच्या पुढे चालले, वाटेत एक मुक्काम केला. गावात पोचले तेव्हा लोक जमले. कापूस बाजूला केला तर आत काही नाहीच असं वाटलं, खालच्या फळ्या दिसत होत्या. मग कोणीतरी बोट लावलं आणि बोटाचा ठसा हवेत उमटला. बाया मागे सरकल्या.

ती काच माझ्या सासूसाठी होती. सासूला आम्ही आत्याबाई म्हणतो. आदल्या पावसाळ्यात त्यांची उजवी बाजू लुळी पडली होती. त्याआधी त्या दिवसभर ओट्यावर बसत. गावात कोण आलं, कोण गेलं, कोणाच्या सुनेचं तोंड उतरलं, हे त्यांना सगळ्यांच्या आधी माहीत असे. लुळ्या पडल्या आणि आतल्या अंधाऱ्या खोलीत गेल्या. हात गेला, पाय गेला, जीभ तेवढी शाबूत होती.

"मेल्यावर अंधारातच राह्यचं हाय," त्या मालकांना म्हणाल्या. "आतापासून काऊन सवय लावून राह्यला, महादेवा?"

म्हणून काच. चैत्रात त्यांची खाट खिडकीशी लावली. समोर रस्ता, पलीकडे कडुनिंब, त्याच्याखाली एसटी थांबायची. पहिल्या दिवशी आत्याबाई जेवल्या नाहीत, पाहत राहिल्या. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा आम्हालाच गावाच्या बातम्या सांगू लागल्या. स्वयंपाक करताना मला त्यांचा आवाज ऐकू यायचा आणि घर जागेवर आल्यासारखं वाटायचं.

आमच्या लेखी उन्हाळा म्हणजे झळा, आणि झळा म्हणजे गरम वारा. काचेतून वारा येत नाही, तेव्हा उन्हाळाही येणार नाही असा सगळ्यांचा हिशेब. चौकटीच्या फटी आम्ही चिखलाने लिंपल्या, वाऱ्याला सुईएवढी जागा ठेवली नाही. खिडकी पश्चिमेची, काच न उघडणारी, आणि आत उठता न येणारं माणूस. सगळं काम आम्ही मन लावून केलं होतं.

वैशाखात खोली तापू लागली. मी आतून जाड गोधडी टांगली. अंधार झाला, पण खोली निवली नाही. गोधडीला हात लावला तर ती चुलीजवळ वाळत घातल्यासारखी. एका दुपारी मी पाणी घेऊन गेले तर आत्याबाई बोलेनात. डोळे अर्धे उघडे, जीभ कोरडी, अंगाला घाम नाही आणि अंग भाजतंय. उचलून मातीच्या खोलीत नेलं. ओल्या लुगड्यात गुंडाळलं, कैरीचं पन्हं चमच्याने ओठांत सोडत राहिले. मालक भिंतीला धरून उभे होते. दिवस मावळताना आत्याबाईंनी डोळे नीट उघडले.

"दुपारच्या गाडीनं कोन आलं?" त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी मालकांनी विटा आणून खिडकीखाली रचल्या.

"बुजवतो," ते म्हणाले. "जीव राह्यला पाहिजे."

"मले तं विचारा," आत्याबाई आतून बोलल्या.

"तुले काय विचारू, माय? तुले तं गाडी पाहाची हाय."

"मंग? दुसरं काय पाहाचं राह्यलं माह्यं?"

त्याच सुमारास वसुधाबाई गावात आल्या. नागपूरच्या एका कॉलेजात शिकवायच्या. घरं कशी तापतात याचा अभ्यास करायला मातीची आणि विटांची घरं मोजत फिरायच्या. डोक्याला पांढरा रुमाल, पायात पुरुषी चपला, लग्न केलेलं नाही. शेजारची कौसल्या मला म्हणाली, "ऊन मोजाचा पगार भेटते म्हनते तिले. आपन तं बाप्पा फुकटच खातो."

बाईंनी आमची काच पाहिली, विटा पाहिल्या, आत जाऊन आत्याबाईंजवळ बसल्या. बाहेर येऊन मालकांना म्हणाल्या, "भाऊ, खिडकी बुजवायला एक सकाळ पुरते. मला नवतपा संपेपर्यंत वेळ द्या. नाही जमलं तर मी स्वतः विटा हातात देईन. तोवर आजींना आतच ठेवा."

मालक परक्या बाईशी वाद घालत नसत. विटा तशाच राहिल्या.

बाईंजवळ लाकडी पेट्या होत्या, आतून काळ्या रंगवलेल्या. त्यांना त्या घरं म्हणत. प्रत्येक घराला एक खिडकी, प्रत्येक खिडकीची तऱ्हा वेगळी. एकीला साधी काच, एकीला निळी, एकीच्या काचेवर चुना फासलेला. एका साध्या काचेला आतून कापड लावलेलं, दुसऱ्या साध्या काचेला तेच कापड बाहेरून. आमच्या अंगणात ती घरं ओळीने मांडली, तोंडं पश्चिमेला. लहान पोरी खेळायला मांडतात तशी दिसत होती. ऊन कलल्यावर त्या मला म्हणाल्या, "वहिनी, मागचं झाकण उघडा आणि हात घाला. आधी हात, थर्मामीटर मागून."

साध्या काचेच्या घरात हात घातला आणि लगेच काढला. निळ्यात बरं असेल वाटलं, तर ती काचच तापून आत गरमी फेकत होती. चुन्याची पेटी सोसवत होती, पण तिच्यातून बाहेरचं काही दिसत नव्हतं. आतून कापड लावलेल्या घरात हात घातला तेव्हा मला माझी गोधडी आठवली. ते साध्यापेक्षा फारसं वेगळं नव्हतं. शेवटी बाहेरून कापड लावलेलं घर. त्यात हात घातला आणि तिथेच राहू दिला.

कापड तेच. काच तीच. कापड काचेच्या अलीकडे की पलीकडे, एवढाच फरक. बोटभर जागा नाही ती, आणि आत्याबाईंचा जीव तेवढ्या जागेत अडकला होता.

"असं काऊन होते?" मी विचारलं.

"ऊन येताना उजेड होऊन येतं," बाई म्हणाल्या. "उजेडाला काच अडवत नाही. आत येऊन ते खाटेवर, भिंतीवर पडतं आणि त्याची ऊब होते. ती ऊब माघारी निघाली की काच तिला जाऊ देत नाही. तुमच्या गोधडीने ऊन थांबवलं, पण घरात घेऊन थांबवलं."

त्या संध्याकाळी भाकरी थापताना माझं लक्ष नव्हतं. काच दिसत नाही, तिला रंग नाही, वास नाही, पण दारावर बसवलेल्या माणसासारखी ती कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला बाहेर सोडायचं हे ठरवते. जे ऊन आत येतं तेच आत राहून दुसरं काहीतरी होतं, आणि मग काच त्याला ओळखत नाही. माहेरून निघालेली पोर सासरी जाऊन वेगळीच बाई होते, तसं काहीसं. हे रोज चाललेलं असतं, आवाज न करता, आणि आपण गोधड्या टांगत बसतो.

पण त्याहून मोठं पुढे होतं. बाईंनी खोलीची मापं घेतली. भिंत किती जाड, काच किती जाड, खिडकीचं तोंड नेमकं कुठे, जमीन सारवलेली की फरशीची, सगळं विचारलं. मग नागपूरला जाऊन आल्या. त्यांच्या ओळखीच्या एका मोठ्या कॉलेजात खोलीएवढं हिशेबाचं यंत्र होतं म्हणे. भोकं पाडलेली कार्डं त्याला खाऊ घालायची आणि ते उत्तर छापून द्यायचं.

"त्यात मी तुमची खोली बांधली," त्या म्हणाल्या. "काच बसवली, बाहेरून तट्टा लावला, आणि मग ऊन सोडलं."

"ऊन कुठून आनलं?"

"आकड्यांचं ऊन. सूर्य कोणत्या दिवशी किती वाजता कुठे असणार, हे आधीच ठाऊक असतं."

त्यांनी एक कागद काढला. त्यावर एक रेघ होती, सकाळी खाली, दुपारी थोडी चढलेली, रात्री पुन्हा खाली. नवतप्यात आमच्या खोलीची गरमी अशी राहील म्हणाल्या. नवतपा अजून लागायचा होता. तट्टा अजून विणायचा होता. न आलेले दिवस त्या बाईंनी कागदावर आणून ठेवले होते. देवळात लोकांना जे वाटतं म्हणतात, ते मला त्या कागदासमोर वाटलं.

तट्टा मालकांनी विणला. नको म्हणाले नाहीत. खिडकीच्या वर विहिरीचं जुनं चाक बसवलं, त्यावरून दोरी, आणि चौकटीला भोक पाडून दोरीचं टोक आत. ऊन गेल्यावर मला आतूनच तट्टा वर ओढता यावा म्हणून. टोक खाटेच्या पायाला बांधलं. बाईंनी खोलीच्या कोनाड्यात एक यंत्र ठेवलं. डब्याएवढा ढोल, त्याभोवती कागद, आणि शाई लावलेली सुई. किल्ली दिली की ढोल हळू फिरायचा आणि खोली तापेल तशी सुई रेघ वर न्यायची. कोणी न लिहिता कागद लिहिला जायचा.

नवतपा लागला. पहिले काही दिवस खोली रिकामी ठेवली. मग बाईंनी ढोलावरचा कागद काढून नागपूरच्या कागदावर ठेवला आणि दोन्ही दाराच्या उजेडाला धरले. मी डोळे बारीक करून पाहिलं. दोन रेघा होत्या, पण एकच दिसत होती. एक घडून गेलेली, दुसरी घडायच्या आधी काढलेली. कौसल्याही पाहायला आली होती. ती पदर सावरून उभी राहिली.

मग आत्याबाईंना त्या खोलीत आणलं, आणि रेघ बिघडली.

रोज दुपारी तिला एक उंचवटा यायचा. इतर वेळी ठीक, पण ऊन कललं की रेघ एकदम चढायची आणि मग हळूहळू उतरायची. बाई कागद पुढे ठेवून बसल्या. माणसाच्या अंगाची ऊब एवढी नसते म्हणाल्या. मला विचारलं, दार उघडं राहतं का, शेगडी आत आणता का. मी नाही म्हणाले. दुपारी जेवून आम्ही सगळे मातीच्या घरात आडवे होत असू.

मालकांनी तो उंचवटा पाहिला.

"तापते," ते म्हणाले. "तुमच्याच कागदानं सांगतलं, बाई. एक डाव मायले उचलून नेलं, पुन्हा नाई नेत."

त्यांनी टाक्यात पाणी भरलं आणि विटा भिजत घातल्या. विटा भिजवल्या म्हणजे दुसऱ्या सकाळी भिंत उभी राहणार. आत्याबाईंना पडल्या जागेवरून तो आवाज ऐकू येत होता, एकेक वीट पाण्यात बुडताना होतो तो. 

त्या दुपारी मी आणि बाई मधल्या दाराआड उभ्या राहिलो. आत उजेडाचे ठिपके, आत्याबाई डोळे मिटून पडलेल्या, सुई आपली सरळ चालत होती. मला झोप येऊ लागली. तेवढ्यात लांब वळणावर एसटीचा हॉर्न वाजला.

आत्याबाईंनी डोळे उघडले. डावा हात खाली गेला, खाटेच्या पायाची गाठ सोडली. दोरी ओढली आणि दातांत धरली. हात पुढे नेऊन पुन्हा ओढली, पुन्हा दातांत धरली. आम्ही ज्या हातात पाण्याचं भांडं देताना खालून आधार धरत होतो, तो हात मालकांनी विणलेला अख्खा तट्टा वर उचलत होता. तट्टा वीतभर चढला, मग हातभर, आणि ऊन एखादं गाठोडं सुटावं तसं त्यांच्या अंगावर पडलं. तोंडावर, मानेवर, पांढऱ्या केसांवर. त्यांनी डोळे मिटले नाहीत. दातांत दोरी धरून त्या बाहेर पाहत होत्या. गाडी थांबली, धूळ उडाली, माणसं उतरली, गाडी गेली. तेव्हा त्यांनी दात उघडले, तट्टा धाडकन खाली आला, आणि कोनाड्यात सुई चढायला लागली.

"दाराआड काय उभं राहून राह्यल्या?" आमच्याकडे न पाहता त्या म्हणाल्या. "या आत. पाटलाची समुद्रपूरवाली लेक आली पुन्हा. पेटी घेऊन आली, म्हंजे राह्यले आली."

बाई तिथेच जमिनीवर बसल्या आणि हसू लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

"माझ्या कागदावरच्या खोलीत खाट होती वहिनी," त्या मला म्हणाल्या. "खाटेवर कोणी नव्हतं."

आपली चूक सापडल्याचा इतका आनंद झालेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. त्यांनी हातात मावणारं हिशेबाचं यंत्र काढलं आणि आत्याबाईंच्या पायाशी बसून आत्याबाईंना हिशेबात घातलं. तट्टा कधी उघडतो, किती वेळ, किती ऊन येतं, भिंती त्यातलं किती पिऊन टाकतात.

"आणि गाडी उशिरा आली तर, आजी? तोवर तट्टा वरच?"

"हॉर्न वाजल्याशिवाय मी दोरीले हात नाई लावत," आत्याबाई म्हणाल्या. "मले का मराचं हाय?"

संध्याकाळी मालक वावरातून आले. बाईंनी त्यांना कागद दाखवला. "भाऊ, खोली तापत नाही. तुमच्या आई ती तापवतात. रोज, थोडीच, आणि जाणूनबुजून. तेवढं ही खोली सोसते, आणि त्याही सोसतात."

मालक आईकडे वळले.

"दातानं ओढतं?"

"मंग काय पायानं ओढू?"

ते बाहेर गेले. सकाळी उठून पाहते तर टाक्यातून विटा काढलेल्या. भिजवलेल्या विटा वाया घालवायच्या नाहीत म्हणून त्यांनी त्यांचा रांजणासाठी ओटा बांधला, खिडकीच्या बाजूला, काचेच्या आड येणार नाही असा. मग आत आले, दोरीला थोड्या थोड्या अंतरावर गाठी मारल्या आणि खाटेच्या माचव्याला, म्हणजे पायाला, एक खाच पाडली. एक गाठ ओढायची, खाचेत अडकवायची, मग पुढची. दातांची गरज नको.   त्या दुपारी हॉर्न वाजला तेव्हा मालक वावरात न जाता अंगणात उभे होते, आणि तट्टा वर चढताना त्यांनी मान वळवून दुसरीकडे पाहिलं.

आत्याबाई पुढे बरेच उन्हाळे त्या खिडकीत राहिल्या. गेल्या त्या थंडीत, उन्हाने नाही.

माझी नात पुण्याला असते. इमारती बांधायच्या आधी त्या किती तापतील हे काढायचं तिचं काम. मागच्या दिवाळीत तिने मला ते मांडीवरच्या कॉम्प्युटरवर दाखवलं. घर लाल होतं, तिने काच बदलली, घर पिवळं झालं. आणखी एक काच घातली, निळं झालं. आता अशी काच निघाली आहे म्हणे, उजेड आत घेते आणि ऊन बाहेरच परतवते. डोळ्यांना दिसणारं ऊन वेगळं, न दिसणारं वेगळं, आणि ती काच त्यांना निवडते, मी सुपात तांदळातले खडे निवडते तशी. मी बराच वेळ त्या निळ्या घराकडे पाहिलं. वसुधाबाईंना ज्यासाठी नागपूरची वारी करावी लागायची, ते ही पोर बोटाने करत होती.

"याच्यात मानसं हायेत का?" मी विचारलं.

"आहेत ना आजी. किती माणसं, कधी घरात असतात, पडदा कधी उघडतात, सगळं सांगावं लागतं. नाहीतर उत्तर चुकतं."

मी बरं म्हणाले. कोणाच्या चुकीतून हे शिकले असतील ते, मला ठाऊक नाही. आंजीच्या एका खाटेवरचं मला ठाऊक आहे.

सिंदीची काच अजून तीच आहे, एका कोपऱ्याला तडा गेला आहे. तट्टा दर साली नवा विणावा लागतो. मालक गेल्यापासून गडी विणतो, त्याची वीण सैल असते. खाटेच्या माचव्यावरची खाच दोरीने खोल होत गेली आहे. नातीने खोलीत कूलर लावून दिला आहे, तो चालू असला की बाहेरचं ऐकू येत नाही, म्हणून दुपारी मी तो बंद ठेवते.

आत्ता वळणावर हॉर्न वाजला. मी गाठ सोडते, दोरी ओढते, खाचेत अडकवते, पुन्हा ओढते. ऊन येतं. त्याला काय करायचं ते करू दे, भिंती आहेत प्यायला. मला आधी कोण उतरलं ते पाहू द्या.